उजवीकडचं दीड मिलिमीटर

जून 2023 चा पहिला आठवडा. काकू वारीला निघायच्या आधी दात दाखवून घ्यायला आल्या होत्या. खालच्या जबड्यात उजवीकडच्या पहिल्या दाढेच्या जागी मी त्यांना इम्प्लांट, म्हणजे हाडात बसणारा, मुळाचं काम करणारा स्क्रू, बसवलं होतं आणि त्यावर कॅप लावून वर्ष झालं होतं. तक्रार काहीच नव्हती. भाकरी चावता येते, दुखत नाही, रक्त येत नाही. मी नेहमीसारखा एक्स-रे काढला, स्क्रीनवर मोठा केला आणि इम्प्लांटच्या वरच्या कडेपासून हाड किती खाली सुरू होतं ते मोजलं. पुढच्या अंगाला 1.6 मिलिमीटर, मागच्या अंगाला 1.5.

बसवलं त्या दिवशी हाड आणि इम्प्लांटची कड अगदी एका पातळीत होती.

दुखत नसलेल्या, चांगल्या चालत असलेल्या इम्प्लांटवर एवढं लिहायचं कारण असं की, हे हाड कुठे गेलं ते शोधताना मी आधी काकूंना दोषी धरलं. चूक निघाली माझी, आणि तीही हाताची नव्हे, न मोजण्याची. (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

काकू छप्पन्न वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. रक्तदाबाची एक गोळी चालू, साखर नाही. आमच्या भागात बाईमाणसाला हिरडीबद्दल विचारताना पहिला प्रश्न मिश्रीचा असतो. तो विचारल्यावर त्या जवळजवळ रागावल्याच. गळ्यात तुळशीची माळ. मिश्री, तंबाखू, सुपारी काही नाही. दाढ दहा-बारा वर्षांपूर्वी काढलेली. सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये) हाडाची रुंदी साडेसात मिलिमीटर, खालच्या नसेपर्यंतची उंची 14. अशी जागा मिळाली की आम्ही दंतवैद्य मनातल्या मनात खूश होतो. जानेवारी 2022 मध्ये 4.2 बाय 10 मिलिमीटरचं इम्प्लांट हाडाच्या पातळीत बसवलं आणि हिरडी वरून शिवून टाकली. एप्रिलमध्ये उघडून हीलिंग अबटमेंट (हिरडी भरून येईपर्यंत तिच्यातून वर ठेवायचा तात्पुरता जोड) लावलं, जूनमध्ये कॅप सिमेंटने चिकटवली. सरळसोट केस. फाइल मिटली.

डिसेंबर 2022 च्या तपासणीत हाड 1.3 मिलिमीटर खाली दिसलं, तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. दोन्ही चुकल्या.

पहिली, स्वतःची समजूत घातली. ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाने 1965 मध्ये गोथेनबर्गला पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, त्यानंतरच्या वीस वर्षांच्या अनुभवावरून 1986 मध्ये इम्प्लांट यशस्वी कधी म्हणायचं याचे निकष आले. पहिल्या वर्षानंतर दरवर्षी 0.2 मिलिमीटरपेक्षा कमी हाड गेलं पाहिजे, हा त्यातला एक. आणि पहिल्या वर्षाचं काय? पहिल्या वर्षी एक-दीड मिलिमीटर जायचंच, असं आम्ही पाठ करून परीक्षेला गेलो. तोंडी परीक्षेत हे उत्तर बरोबर धरलं जायचं. एकदा का एखाद्या गोष्टीला ‘जायचंच’ म्हटलं की ती का जाते हे कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. मी काकूंना म्हणालो, “काकू, ब्रश नीट होत नाहीये या बाजूला.” त्यांचं तोंड एवढुसं झालं. आयुष्यभर पोरांची नखं आणि दात तपासलेली बाई ती. “बरं डॉक्टर,” एवढंच म्हणाल्या.

सहा महिन्यांनी, म्हणजे त्या जूनमध्ये, त्या बाजूची सफाई आरशासारखी होती. पण इम्प्लांटच्या पुढच्या उपदाढेची हिरडी मिलिमीटरभर खाली सरकली होती आणि दाताच्या मानेशी पाचरीसारखी खाच पडायला लागली होती. दिवसातून तीन वेळा, कडक ब्रशने, आडवं घासत होत्या. माझं बोलणं त्यांनी मनावर घेतलं होतं. हाड मात्र आणखी 0.3 ने उतरलं होतं.

तेव्हा कुठे मी पाचही एक्स-रे एका ओळीत लावून पाहिले.

एक्स-रेवरचं मोजमाप कसं करतात ते सांगतो, कारण इथे फसायला होतं. फिल्म थोडी तिरकी झाली तरी सगळं लांब किंवा आखूड दिसतं. म्हणून दरवेळी होल्डर लावून, किरण इम्प्लांटला काटकोनात पडतील असा एक्स-रे काढायचा. तो बरोबर आलाय का हे इम्प्लांटच्या आट्यांवरून कळतं. दोन्ही कडांना आटे धारदार, वेगवेगळे दिसले तर बरोबर. एका कडेला पुसट झाले तर पुन्हा काढा. मग स्क्रीनवर इम्प्लांटची लांबी मोजायची. ती खरोखर 10 आहे हे आपल्याला ठाऊक असतं, त्या प्रमाणात बाकीचे आकडे दुरुस्त करायचे. इतकं करूनही 0.1-0.2 मिलिमीटर इकडेतिकडे होतंच.

ओळीत लावल्यावर दिसलं ते असं. जानेवारी 2022, बसवताना: पातळीत. एप्रिल, उघडताना: पातळीतच. जून, कॅप लावली त्या दिवशी: 0.9. डिसेंबर: 1.3. पुढचा जून: 1.6.

सगळ्यात मोठी उडी एप्रिल ते जून. त्या दोन महिन्यांत इम्प्लांटवर कॅपच नव्हती, म्हणजे चावण्याचा भार शून्य. दाब जास्त पडला हे कारण तिथेच बाद झालं. सिमेंट हिरडीखाली राहून गेलं असेल ही दुसरी शंका. हिरडी किंचित बाजूला करून पाहिलं, काही सापडलं नाही. आणि सिमेंट जूनमध्ये आलं, हाड त्याआधीच निघालं होतं. ड्रिल करताना हाड तापलं असेल? तसं असतं तर एप्रिलच्या एक्स-रेतच खड्डा दिसला असता. जंतुसंसर्ग म्हणावा तर प्रोब (हिरडीची खोली मोजायची बारीक सळई) घातल्यावर रक्त नाही, पू नाही, खोली तीन-चार मिलिमीटर. म्हणजे ब्रशचाही संबंध नाही. जे काही झालं ते इम्प्लांट हिरडीतून पहिल्यांदा तोंडात उघडं पडल्यानंतरच्या आठ आठवड्यांत सुरू झालं.

राहिली हिरडी.

पण हिरडी किती जाड होती याची नोंद माझ्या केसपेपरवर नव्हती. हाडाची रुंदी लिहिलेली, उंची लिहिलेली, टॉर्क (इम्प्लांट किती घट्ट बसलं तो आकडा) लिहिलेला, इम्प्लांटचा लॉट नंबर चिकटवलेला. हिरडीबद्दल एक अक्षर नाही. अखेर फोटोत सापडलं. ऑपरेशनच्या वेळी ड्रिलची दिशा दाखवायला एक फोटो काढला होता आणि त्यात योगायोगाने मिलिमीटरच्या रेघांचा प्रोब हाडावर टेकलेला होता. गालाकडचा फ्लॅप, म्हणजे चीर घेऊन उचललेली हिरडी, उघडलेला, जिभेकडचा अजून हाडाला चिकटून उभा. त्या चिकटलेल्या हिरडीची कड प्रोबच्या पहिल्या आणि दुसऱ्या रेघेच्या मध्ये येत होती. फोटो मोठा करत करत मी रेघा मोजल्या. दीड मिलिमीटर. फार तर दीड.

हे मोजायची पद्धत याहून वेगळी नाही, फक्त ती मुद्दाम करावी लागते. हाडाच्या माथ्यावर मधोमध चीर घ्यायची, गालाकडचा फ्लॅप आधी उघडायचा, जिभेकडचा तसाच ठेवायचा आणि प्रोब हाडावर टेकवून त्या उभ्या हिरडीची उंची वाचायची. पाच सेकंदांचं काम. आधीच जाणून घ्यायचं असेल तर भूल दिल्यावर रूट कॅनालची बारीक फाइल रबराच्या चकतीसकट हिरडीतून हाडापर्यंत टोचायची, चकती हिरडीवर टेकवायची, फाइल काढून पट्टीवर धरायची. सीबीसीटीतही दिसू शकतं, पण एरवी गाल आणि जीभ हिरडीला चिकटलेले असल्यामुळे सगळं एक राखाडी पट्टा होऊन जातं. स्कॅन काढताना गालात कापसाचे रोल ठेवले की हवेची फट पडते आणि हिरडीची कड वेगळी उमटते. रोल ठेवायला सांगायचं मात्र आपल्याला सुचावं लागतं.

इथे एक घोळ नेहमी होतो. हिरडीतून प्रोबचा करडा रंग दिसतो का, यावरून पातळ-जाड ठरवण्याची जी चाचणी आहे ती गालाकडच्या, आडव्या जाडीची. पुढच्या दातांच्या सौंदर्यासाठी ती उपयोगी आहे. हाडाच्या माथ्यावर उभी किती हिरडी आहे हे त्यातून कळत नाही. एखाद्याची हिरडी आडवी दणकट आणि उभी दीड मिलिमीटर असू शकते. काकूंची तशीच होती. नुसतं पाहून मी तिला ‘छान, घट्ट’ म्हटलं असणार.

आता दीड मिलिमीटर हिरडी असली म्हणून हाडाने का उतरावं? दाताभोवती हिरडी हाडाच्या वर एक सील तयार करते. वर पेशींचा थर, खाली तंतूंचा. 1961 मध्ये मृतांच्या जबड्यांवर केलेल्या मोजणीत या दोन थरांची सरासरी बेरीज 2.04 मिलिमीटर आली. 0.97 आणि 1.07. तिला आम्ही बायोलॉजिक विड्थ म्हणतो. नैसर्गिक दातात हे तंतू मुळाच्या आवरणात खिळ्यासारखे आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटच्या धातूत ते रुतत नाहीत, त्याला समांतर वळसा घालून उभे राहतात. सील दाताइतकं पक्कं नसतं, म्हणून की काय ते लांबही जास्त लागतं, तीन मिलिमीटरच्या पुढेच. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण शरीराला ठाऊक नाही. त्याला तोंडातले जंतू आणि हाड यांच्यामध्ये ठरावीक अंतर हवंच असतं. वर हिरडी अपुरी पडली की ते अंतर खालून, हाड मागे घेऊन पुरं केलं जातं. बर्गलंड आणि लिंडे यांनी 1996 मध्ये बीगल कुत्र्यांवर हेच दाखवलं. एका बाजूची हिरडी मुद्दाम पातळ केली, दुसरीकडची तशीच ठेवली. दोन्हीकडे सील जवळपास सारखंच तयार झालं, पण पातळ बाजूला त्यासाठी हाड गेलं.

माणसांतला पुरावा मुख्यतः लिथुएनियातल्या व्हिल्नियसहून आला. लिंकेविचियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 19 रुग्णांतली 46 इम्प्लांट वर्षभर पाहिली. हिरडी दोन मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तिथे वर्षात 1.45 मिलिमीटरपर्यंत हाड गेलं. तेव्हा उत्तर असं दिलं जायचं की प्लॅटफॉर्म स्विचिंग वापरा, म्हणजे इम्प्लांटच्या तोंडापेक्षा अरुंद अबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप यांच्यामधला जोड) लावा, सांधा हाडापासून आत सरकतो आणि हाड वाचतं. काकूंचं इम्प्लांट त्याच जातीचं होतं आणि माझा त्यावर भरवसा होता. 2015 मध्ये त्याच गटाने प्लॅटफॉर्म स्विचिंगचीच इम्प्लांट तपासली: पातळ हिरडीत वर्षाला सरासरी 1.17 मिलिमीटर, जाड हिरडीत जेमतेम 0.2. महागडी रचना पातळ हिरडीपुढे टिकली नाही. आणखी एका कामात त्यांनी पातळ हिरडी बसवतानाच जाड केली, तर तिथलं हाड जन्मजात जाड हिरडीसारखंच वागलं. हे सगळं छापून आलेलं मी वाचलंही होतं. वाचलेलं आणि केसपेपरवर उतरलेलं यांत अंतर असतं ते असं.

मधल्या काळात डावीकडची तीच दाढ गेली होती. पंधरा वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालेली, मुळाला उभी चीर पडलेली. फेब्रुवारी 2023 मध्ये काढावी लागली. काकूंना डावीकडेही इम्प्लांटच हवं होतं, “पण वारीहून आल्यावर.” आषाढी 29 जूनला होती. जुलैमध्ये त्या आल्या, पाय अजून सुजलेले.

त्या दिवशी मी आधी बोललो. म्हटलं, “काकू, डिसेंबरात मी तुम्हाला ब्रशवरून बोललो ते चुकलं. तुमची हिरडी पातळ होती, ती मी मोजायला हवी होती.” त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे पेपर अवघड होता, मी नापास नव्हते.”

डाव्या जागी फाइल टोचून मोजलं: दीड मिलिमीटर, इकडेही. रुंदी सात, नसेपर्यंत उंची 11.

पातळ हिरडी असेल तेव्हा दोन वाटा असतात. एक, इम्प्लांट हाडाच्या पातळीपेक्षा दीड-दोन मिलिमीटर खोल घालायचं, म्हणजे वर सील बसायला आपोआप जागा मिळते. दुसरी, हिरडी जाड करायची. खोल घालणं सोपं आणि स्वस्त, पण खाली नस आहे आणि तिच्या वर निदान दोन मिलिमीटर हाड सुरक्षित ठेवायचं असतं. 8 चं इम्प्लांट दोन मिलिमीटर खोल गेलं तर खाली एकच उरणार. 6 चंही मिळतं. पण दाढेच्या जागी, चांगलं 11 मिलिमीटर हाड हाताशी असताना लांबी कापून हिरडीचं कर्ज फेडणं मला पटलं नाही. बुटकं हीलिंग अबटमेंट लावून त्यावर हिरडी तंबूसारखी ताणून शिवायचाही एक प्रकार आहे. हिरडी अवघी दीड मिलिमीटर असताना तो तंबू फाटेल अशीच धास्ती वाटली.

म्हणजे जाड करणं आलं. यात आपल्याकडे एक प्रश्न येतो, जो परदेशी लेखांत क्वचितच दिसतो. बाजारात जे तयार पदार्थ मिळतात ते बहुतेक डुकराच्या किंवा गाईगुरांच्या कोलॅजनचे असतात, नाहीतर मृत दात्याच्या त्वचेचे. व्हिल्नियसच्या त्या कामातही दात्याचाच पदार्थ होता. माळकरी माणसाला हे न सांगता घालणं मला जमणार नाही, आणि खरं तर कुणालाच न सांगता घालू नये. मी सरळ सांगितलं. काकू म्हणाल्या, “माझ्याच तोंडातलं काय ते कापा. ते डुकराचं नको.”

टाळूतून घेता येतं, पण तिथे जखम आठवडाभर हुळहुळते आणि आत धमनी जवळ असते. त्याऐवजी वरच्या जबड्यात, शेवटच्या दाढेच्या मागे जो फुगीर भाग असतो तिथून घेतलं. तिथलं मांस घट्ट, चरबी कमी, आणि नंतर आक्रसतही कमी. साधारण नऊ बाय सात मिलिमीटरचा तुकडा, अडीच मिलिमीटर जाड. वरची कातडी काढून टाकल्यावर तो ओल्या गॉझवर ठेवला तेव्हा सोललेल्या बदामाएवढा दिसत होता. 4.2 बाय 8 चं इम्प्लांट हाडाच्या पातळीत बसवलं, कव्हर स्क्रू लावला, त्यावर तो तुकडा पसरला आणि जिभेकडच्या फ्लॅपच्या आतल्या अंगाला विरघळणाऱ्या टाक्याने अडकवला, नाहीतर तो सरकून गालाकडे गोळा होतो. गालाकडचा फ्लॅप वर ओढताना जाणवलं की आत जाडी वाढल्यावर झाकण पुरत नाही. आतून आवरण कापून तो सैल केला, मगच कडा ताण न देता एकमेकींना भेटल्या. हे सैल करणं विसरलं तर टाके दहा दिवसांत उघडतात. सूज उजव्या बाजूच्या वेळेपेक्षा जास्त आली. चार दिवस पेज आणि ताक.

ऑक्टोबरच्या अखेरीस उघडलं आणि पुन्हा प्रोब टेकवला. साडेतीन मिलिमीटर. या वेळी तीन मिलिमीटर उंचीचं अबटमेंट मावलं. उजवीकडे जेमतेम एकचं बसलं होतं. डिसेंबरात कॅप लावली, तीही स्क्रूने, सिमेंटशिवाय. त्या दिवशीच्या एक्स-रेत हाड 0.1 ने खाली. डिसेंबर 2024 मध्ये, वर्षभराने, पुढे 0.3 आणि मागे 0.2. मोजण्यातली चूक धरली तर हे जवळजवळ शून्यच.

एकच तोंड, तीच व्यक्ती, डावी-उजवीकडच्या दोन दाढा. तुलना मोहात पाडणारी आहे, आणि म्हणूनच सांगून टाकतो: मी डावीकडे एकच गोष्ट बदललेली नाही. हिरडी जाड केली, अबटमेंट उंच लावलं, सिमेंट काढून टाकलं. तिन्ही एकदम. अबटमेंट दोन मिलिमीटरपेक्षा बुटकं असेल तर हाड जास्त जातं असं दाखवणारी कामं आहेत, आणि हिरडीची जाडी महत्त्वाची की तिच्यामुळे मिळणारी अबटमेंटची उंची, हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते दोन्ही एकाच नाण्याच्या बाजू आहेत. हिरडी पातळ असेल तर उंच अबटमेंट लावणार कुठे? पण हे माझं मत, काकूंच्या दोन दाढांनी सिद्ध झालेली गोष्ट नाही. शिवाय पातळ हिरडीच्या प्रत्येक रुग्णाचं हाड दीड मिलिमीटर जातंच असंही नाही.

उजव्या बाजूचं काय केलं? काहीच नाही, आणि ते मुद्दाम. डिसेंबर 2024 मध्ये तिथे 1.7 आणि 1.6 होतं. दीड वर्षात 0.1, म्हणजे शरीराला हवं ते अंतर मिळालं आणि हाड थांबलं. खरी भीती पुढची आहे. वरचे दोनेक आटे आता हाडाबाहेर, हिरडीत आहेत, आणि त्यांचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत केलेला असतो, हाड चिकटावं म्हणून. त्या खरखरीवर उद्या जंतूंचा थर बसला तर तो काढणं कठीण. म्हणून दर सहा महिन्यांनी प्रोब घालून रक्त येतं का ते पाहायचं, वर्षाला एक्स-रे काढायचा. आता तिथे हिरडी जाड करून गेलेलं हाड परत येत नाही. ते काकूंनीच विचारलं होतं.

ब्रश बदलून मऊ दिला आहे, आणि आडवं घासायचं नाही असं सांगितलं आहे. उपदाढेची खाच भरून घेतली, त्याचे पैसे घेतले नाहीत.

केसपेपर छापून घेतो तिथे एक ओळ वाढवून घेतली: ‘माथ्यावरची हिरडी: ___ मिमी’. हाडाच्या रुंदीच्या आधी. ती रिकामी दिसली की माझी सहाय्यक ड्रिल हातात देत नाही. पहिल्या महिन्यात दोनदा तिने ते केलं.

काकूंची पुढची तपासणी जूनमध्ये, पालखी निघायच्या आधी.